पेपर पाठवण्याआधी तपासणारी टूल्स: काय पकडतात, काय सोडतात

जर्नलकडे पेपर पाठवण्याआधी तो सॉफ्टवेअरमधून काढणं आता आपल्या विद्यापीठांत आणि संशोधन संस्थांत नेहमीचं झालं आहे. पण बहुतेक ठिकाणी तपासणी म्हणजे फक्त सिमिलॅरिटी रिपोर्ट, म्हणजे किती टक्के मजकूर आधीच्या लेखनाशी जुळतो त्याचा अहवाल. टक्का दहाच्या आत आला की सही होते आणि पेपर पुढे जातो. त्यातली आकडेमोड, संदर्भयादी, चित्रं, प्रायमरचे (प्रयोगात वापरलेल्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांचे) सीक्वेन्स, सेल लाइनची (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशींची) नावं यांच्याकडे कुणी वळूनही बघत नाही. नंतर दुरुस्ती छापायची किंवा पेपर मागे घ्यायची वेळ येते, तेव्हा बोट ठेवलं जातं ते याच भागांवर.

या प्रत्येक भागासाठी वेगळं टूल आहे आणि त्यातली बरीचशी फुकट वापरता येतात. त्यांची पारख करताना इथे एकच कसोटी लावली आहे: टूल जी चूक दाखवतं ती आपल्याला स्वतः हिशेब मांडून पडताळता येते का? येत असेल तर ते टूल कामाचं. नुसता एक गुण किंवा टक्का हातात ठेवणाऱ्या टूलवर विसंबून, ते कितीही महागडं असलं तरी, कुठलाही निर्णय घेऊ नये.

स्टॅटचेक

या कसोटीला सगळ्यांत चांगलं उतरतं ते स्टॅटचेक. मिशेल नाउटेन आणि साशा एप्सकाम्प यांनी नेदरलँड्समध्ये तयार केलेलं हे आर या सांख्यिकीच्या प्रोग्रामिंग भाषेतलं पॅकेज आहे. आर येत नसेल तर वेबसाइटवर फाइल चढवूनही चालतं. काम अगदी मोजकं: पेपरमध्ये छापलेली सांख्यिकी टेस्टची टी, एफ, आर, झेड, काय-स्क्वेअर ही मूल्यं आणि त्यांचे डिग्रीज ऑफ फ्रीडम (नमुन्याच्या आकारावरून ठरणारी संख्या) वाचायचे, त्यावरून पी व्हॅल्यू (खरा फरक नसताना एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) पुन्हा काढायची आणि लेखकाने लिहिलेल्या पी व्हॅल्यूशी ताडून बघायची.

उदाहरण घेऊ. पेपरमध्ये ‘टी(२८) = २.२०, पी = .०३’ असं लिहिलं आहे. दोन्ही बाजूंच्या (टू-टेल्ड) टेस्टने खरी पी व्हॅल्यू येते .०३६. राउंड केली तर .०४ लिहायला हवी होती, .०३ नाही. स्टॅटचेक याला विसंगती म्हणतं. निष्कर्ष बदलत नसल्याने ही किरकोळ चूक. आता ‘टी(२८) = १.९८, पी = .०४’ घ्या. इथे खरी पी व्हॅल्यू .०५८ आहे. पी .०५ च्या खाली असेल तरच फरक लक्षणीय मानायची रीत आहे; ती .०५ ची रेघ ओलांडली गेली आणि ‘फरक लक्षणीय आहे’ हे वाक्यच कोसळलं. अशा जागा टूल वेगळ्या दाखवतं आणि त्या आधी बघायच्या. २०१६ मध्ये याच टूलने १९८५ ते २०१३ मधल्या मानसशास्त्राच्या आठ जर्नलांमधले अडीच लाखांहून जास्त पी व्हॅल्यू तपासले गेले. निम्म्या पेपरांत निदान एक विसंगती सापडली आणि साधारण आठातल्या एका पेपरात निष्कर्ष फिरवणारी चूक होती. यामागे लबाडीच असते असं नाही. बहुतेकदा आउटपुटमधला आकडा हाताने उतरवताना चुकतो, किंवा विश्लेषण पुन्हा चालवल्यावर टी बदलतो आणि पी जुनाच राहतो.

स्टॅटचेक कुठे अडतं ते नीट समजून घेतलं पाहिजे, कारण ‘एकही चूक सापडली नाही’ या निकालाचा अर्थ ‘काही वाचताच आलं नाही’ असाही असतो. ते फक्त एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) शैलीतला, सलग मजकुरातला निकाल वाचतं. तक्त्यातले आकडे वाचत नाही. टेस्टचं मूल्य आणि पी व्हॅल्यू यांच्यामध्ये एमएसई (त्रुटीच्या वर्गांची सरासरी) किंवा इफेक्ट साइझ (फरक किती मोठा ते सांगणारा आकडा) घुसवली तर ती ओळ सुटते, म्हणून इफेक्ट साइझ पी नंतर लिहावी. पीडीएफचा मजकूर होताना बरोबरीचं चिन्ह, उणे चिन्ह आणि ग्रीक अक्षरं बिघडतात. शक्य असेल तर वर्ड फाइल किंवा एचटीएमएल द्या. रिपोर्ट आला की सगळ्यात आधी टूलने किती निकाल उचलले ते मोजा आणि आपल्या मजकुरातल्या निकालांशी ताडून बघा. चाळीस निकालांपैकी सहाच उचलले असतील तर तो रिपोर्ट तुमच्या पेपरविषयी फारसं काही सांगत नाही.

खोटी तक्रार येते ती मुख्यतः दोन ठिकाणी. एक, वन-टेल्ड (फरक एकाच दिशेने शोधणारी) टेस्ट: मजकुरात तसा स्पष्ट उल्लेख नसेल तर टूल टू-टेल्ड धरून चालतं. अर्थात असा उल्लेख नसणं हीच मुळात लेखकाची चूक. दोन, बॉनफेरोनीसारखी (अनेक टेस्ट एकदम केल्यामुळे करावी लागणारी) दुरुस्ती करून छापलेली पी व्हॅल्यू. ती कच्च्या टी शी जुळणारच नाही, म्हणून मूळ आणि दुरुस्त दोन्ही द्या. आणि ‘पी = .०००’ लिहिलंत तर टूल तेही चूक धरतं, आणि ते बरोबरच आहे. एसपीएसएस हे सांख्यिकी सॉफ्टवेअर तसं छापतं म्हणून आपण उतरवायचं नसतं. ‘पी < .००१’ लिहायचं.

एक गोष्ट मात्र स्टॅटचेक कधीच सांगणार नाही: डिग्रीज ऑफ फ्रीडम प्रयोगाला धरून आहेत की नाहीत. दोन गटांत मिळून सहा उंदीर, प्रत्येकाच्या वीस पेशी मोजल्या आणि टी टेस्टचे डिग्रीज ऑफ फ्रीडम ११८ लिहिले, तर टूलच्या लेखी सगळं आलबेल. प्रत्यक्षात नमुना सहाचा आहे, १२० चा नाही. ही चूक जीवशास्त्राच्या पेपरांत फार आढळते आणि ती शोधायला माणूसच लागतो.

ग्रिम: कागद-पेन्सिलीची तपासणी

निक ब्राउन आणि जेम्स हीदर्स यांनी २०१६ मध्ये मांडलेली ही चाचणी इतकी साधी आहे की तिला टूल म्हणावं का, असा प्रश्न पडतो. पण कमी नमुन्याच्या पेपरसाठी तिच्याइतकं धारदार दुसरं काही नाही. पूर्णांकात मोजलेल्या गोष्टींची बेरीज पूर्णांकच असते, त्यामुळे सरासरी कुठलीही येऊ शकत नाही, ठरावीक मूल्यंच येतात.

समजा १८ जणांनी पाच गुणांच्या मापावर उत्तरं दिली आणि सरासरी ३.४५ छापली आहे. १८ गुणिले ३.४५ म्हणजे ६२.१. बेरीज ६२ असेल तर सरासरी ३.४४ येते, ६३ असेल तर ३.५०. मधलं ३.४५ येऊच शकत नाही. मग कुठे घोळ झाला ते शोधायचं. २० जण असते तर ६९ भागिले २० बरोबर ३.४५ येतं. म्हणजे बहुधा दोघं गळाले, तक्त्यात संख्या १८ केली गेली आणि सरासरी जुनीच राहिली. असा सुगावा लागणं हाच या चाचणीचा फायदा.

एक्सेलमध्ये एका ओळीत होतं: संख्या गुणिले सरासरी, उत्तर पूर्णांकात राउंड, पुन्हा संख्येने भाग, दोन दशांशांपर्यंत राउंड, मूळ सरासरीशी तुलना. टक्केवारीलाही हेच लागू. १२ रुग्णांपैकी ३७ टक्के हे अशक्य आहे. चार म्हणजे ३३ टक्के, पाच म्हणजे ४२.

मर्यादा लक्षात ठेवा. दोन दशांशांच्या सरासरीसाठी ही चाचणी शंभराच्या आतल्या नमुन्यावरच चालते, त्यापुढे जवळजवळ कुठलाही आकडा शक्य असतो. सरासरी अनेक प्रश्नांची मिळून असेल तर संख्येला प्रश्नांच्या संख्येने गुणायचं. वरच्या उदाहरणात चार प्रश्न असते तरी ३.४५ अशक्यच आहे, पण दहा प्रश्न असते तर ६२१ भागिले १८० बरोबर बसतं. वजन, तापमान अशा अपूर्णांकात मोजलेल्या गोष्टींना ही चाचणी लावू नये. ब्राउन आणि हीदर्स यांना तपासता येण्याजोगे ७१ पेपर मिळाले होते आणि त्यांतल्या सुमारे निम्म्यांत निदान एक अशक्य सरासरी निघाली.

सिमिलॅरिटी: टक्क्याच्या मागे लागल्याने होणारं नुकसान

आयथेंटिकेट, टर्निटिन, ड्रिलबिट ही नावं सगळ्यांना पाठ आहेत. इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या ग्रंथालय-जाळ्याच्या शोधशुद्धी योजनेतून विद्यापीठांना आधी उरकुंड मिळत होतं, आता ड्रिलबिट मिळतं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंत दंड नाही. दहा ते चाळीस टक्क्यांत प्रबंध सुधारून सहा महिन्यांच्या आत पुन्हा द्यायचा, चाळीस ते साठमध्ये वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही आणि साठच्या वर नोंदणीच रद्द. याच नियमांत अवतरण दिलेला मजकूर, संदर्भयादी, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, प्रमाणित चिन्हं आणि समीकरणं मोजायची नाहीत, तसंच सलग चौदा शब्दांपर्यंतचं सर्वसाधारण साम्य सोडून द्यायचं, असंही म्हटलं आहे. हे कलम वाचायची तसदी फार थोडे घेतात.

म्हणून रिपोर्ट काढण्याआधी सेटिंग बघा. संदर्भयादी वगळा, अवतरणं वगळा, चौदा शब्दांपेक्षा छोटे जुळलेले तुकडे वगळा. एकाच मजकुराचा टक्का या तीन खुणांनी कुठून कुठे जातो! पेपर आधी प्रीप्रिंट म्हणून (जर्नलच्या तपासणीआधीच ऑनलाइन) टाकला असेल किंवा तुमचाच प्रबंध शोधगंगेवर (भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर) असेल तर तो स्रोत रिपोर्टमधून वगळून दुसरा रिपोर्ट काढा आणि दोन्ही जोडून ठेवा. मसुदा तपासताना तो टूलच्या साठ्यात जमा होणार नाही असा पर्याय निवडा, नाहीतर अंतिम प्रत स्वतःच्याच मसुद्याशी शंभर टक्के जुळते आणि मग अर्ज-विनंत्या करत बसावं लागतं.

रिपोर्ट वाचायचा तो टक्क्यावरून नाही, कुठल्या विभागात काय जुळलं त्यावरून. पद्धतीच्या विभागात ‘नमुने ४ अंशांवर दहा मिनिटं सेंट्रिफ्यूज केले’ हे वाक्य शेकडो पेपरांशी जुळेल आणि जुळू द्यावं. चर्चेच्या विभागात एकाच स्रोतातून सलग सहा ओळी आल्या असतील तर एकूण टक्का चार असला तरी ते गंभीर आहे. टूल शब्द जुळवतं. कल्पना, आराखडा, आकडे उचलले असतील तर त्याला पत्ता लागत नाही.

टक्का खाली आणायच्या धडपडीत जे घडतं ते जास्त घातक आहे. मजकूर पॅराफ्रेजिंग सॉफ्टवेअरमधून फिरवला जातो आणि स्थिर झालेल्या संज्ञांच्या जागी भलतेच समानार्थी शब्द येतात. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चं ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ होतं, ‘डीप लर्निंग’चं ‘प्रोफाउंड लर्निंग’, ‘ब्रेस्ट कॅन्सर’चं ‘बूझम पेरिल’. गियोम कबानाक, सिरिल लाबे आणि अलेक्झांडर मगाझिनोव यांनी २०२१ मध्ये अशा शब्दप्रयोगांवर बोट ठेवलं. कबानाक यांचा प्रॉब्लेमॅटिक पेपर स्क्रीनर छापून आलेल्या पेपरांत ते शोधत असतो आणि सापडलेले पेपर सगळ्यांना खुले दिसतात. म्हणजे आज टक्का वाचवायला केलेली फिरवाफिरवी उद्या नावानिशी चव्हाट्यावर येते. आपल्या क्षेत्रातल्या संज्ञा आहेत तशाच ठेवा, त्यांनी टक्का वाढला तर वाढू द्या आणि गाईडला रिपोर्ट समजावून सांगा.

मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी एक खास सूचना. रिपोर्टवर शून्य किंवा एक टक्का आला तर खूश होऊ नका, आधी टूलला मजकूर वाचता आला का ते बघा. श्री-लिपी, कृतीदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल डोळ्यांना मराठी दिसते, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची खिचडी असते. तपासणी सोपी आहे: पीडीएफमधला एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे मराठी न दिसता निरर्थक अक्षरं दिसली तर टूललाही तेच दिसतंय. आधी फाइल युनिकोडमध्ये बदला, आणि बदलल्यावर रफार, जोडाक्षरं, ऱ्हस्व वेलांटी या जागा डोळ्यांखालून घाला, कारण कन्व्हर्टर नेमका तिथेच घसरतो. युनिकोड असूनही पीडीएफमधून काना-मात्रा मागेपुढे होतात, म्हणून वर्ड फाइलच द्यावी. छापील पुस्तकांतला मराठी मजकूर मुळात टूलच्या साठ्यातच नसेल तर सगळं बरोबर करूनही उचलेगिरी सापडत नाही. मराठी प्रबंधाचा खरा परीक्षक अजूनही त्या विषयातलं वाचन असलेला माणूसच आहे.

‘एआयने लिहिलं का’ सांगणाऱ्या डिटेक्टरांविषयी मत अगदी स्पष्ट आहे: त्यांच्या आधारावर कुणालाही दोषी धरू नये. ओपनएआयने स्वतःचा डिटेक्टर जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी म्हणून बंद केला. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात डिटेक्टर तपासले तेव्हा इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी लिहिलेल्या टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतल्या ९१ निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून जास्त एआयचे ठरवले गेले. साधी वाक्यरचना आणि मोजका शब्दसंग्रह हाच तिथे गुन्हा ठरतो. जिल्ह्याच्या ठिकाणी मराठी माध्यमात शिकून इंग्रजीत पेपर लिहिणाऱ्या मुलीवर हा अन्याय सगळ्यांत आधी होईल. आणि इथे पडताळायला हिशेबही नसतो.

संदर्भयादी

हे काम सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित. झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि २०१९ पासून रिट्रॅक्शन वॉचच्या, म्हणजे मागे घेतलेल्या पेपरांच्या, माहितीशी जोडलेलं आहे. तुमच्या संग्रहातला एखादा पेपर मागे घेतला गेला की त्याच्यावर लाल खूण येते आणि वर्डमध्ये तो उद्धृत करायला गेलात तर इशारा मिळतो. अट एवढीच की नोंदीत डीओआय (पेपरचा कायमचा डिजिटल क्रमांक) किंवा पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या सूचीतला क्रमांक हवा. हाताने टाइप केलेल्या नोंदीत तो नसतो आणि तिथे टूल गप्प बसतं. २०२० मध्ये लॅन्सेटमधला हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा पेपर २२ मे रोजी आला आणि ४ जूनला मागे घेतला गेला. आधी हाताने उतरवून ठेवलेली नोंद स्वतःहून बदलत नाही, म्हणून सबमिट करायच्या दिवशी यादी पुन्हा तपासायची.

दुसरी तपासणी म्हणजे संदर्भ अस्तित्वात आहे का ही. चॅटबॉटने दिलेले संदर्भ लेखक, जर्नल, वर्ष सगळं खरं वाटावं असे असतात आणि पेपर मात्र नसतो. डीओआय नोंदवणाऱ्या क्रॉसरेफ संस्थेच्या सिंपल टेक्स्ट क्वेरी पानावर सगळी यादी चिकटवली की जुळणारे डीओआय मिळतात. जे जुळत नाहीत ते एकेक उघडून बघा. डीओआय जुळला तरी शीर्षक वाचा, कारण खरा डीओआय आणि भलताच पेपर ही जोडीही सापडते. मराठी नियतकालिकांतल्या जुन्या लेखांना, सरकारी अहवालांना आणि जुन्या पुस्तकांना बहुधा डीओआय नसतो. ते जुळले नाहीत म्हणून काढून टाकू नका.

पद्धतीचा विभाग आणि रसायनांची ओळख

सायस्कोर हे टूल पद्धतीचा विभाग वाचून दहापैकी गुण देतं: रँडमायझेशन (गट यादृच्छिकपणे पाडणं), ब्लाइंडिंग (कोण कुठल्या गटात ते मोजणाऱ्याला न कळू देणं), नमुनासंख्या कशी ठरवली, प्राण्यांचं लिंग, नैतिक समितीची परवानगी यांचे उल्लेख आहेत का, आणि अँटिबॉडी, सेल लाइन, सॉफ्टवेअर नेमकी कुठली ते कळतं का. गुणांकडे बघू नका. त्याच्याखाली येणारा तक्ता मात्र सोन्यासारखा आहे. उल्लेख आहे की नाही एवढंच ते शोधतं, रँडमायझेशन नीट झालं का हे नाही. तरीही ‘अँटिबॉडी अमुक कंपनीची’ एवढंच लिहून कॅटलॉग क्रमांक विसरलेल्या सगळ्या जागा एका फेरीत हाती लागतात. प्रत्येकीला आरआरआयडी (संशोधन-साधनाचा ओळखक्रमांक) शोधून लावा.

सेल लाइनच्या बाबतीत पैसे न मोजताही काम होतं. सेलोसॉरस ही सेल लाइनची ऑनलाइन सूची उघडा, नाव टाका, ‘प्रॉब्लेमॅटिक सेल लाइन’ असा शेरा आहे का बघा. तोंडाच्या कर्करोगाची म्हणून वापरली जाणारी केबी आणि घशाच्या कर्करोगाची म्हणून ओळखली जाणारी हेप-टू या दोन्ही प्रत्यक्षात हीला या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशींनी दूषित झालेल्या लाइन आहेत. केबीवर वनस्पतीचा अर्क टाकून ‘मुखकर्करोगावर परिणामकारक’ असा निष्कर्ष काढला तर तो गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशींवरचा निष्कर्ष आहे. तोंडाच्या कर्करोगाचं प्रमाण आपल्याकडे एवढं मोठं असताना ही चूक चालवून घेणं बरं नाही.

प्रायमर आणि शॉर्ट-हेअरपिनचे (जीनचं काम दाबणाऱ्या आरएनए तुकड्यांचे) सीक्वेन्स तपासायला जेनिफर बर्न आणि लाबे यांचं सीक अँड ब्लास्टएन आहे. आपल्या एका पेपरसाठी अमेरिकेच्या एनसीबीआय या जैवमाहिती केंद्राचा प्रायमर-ब्लास्ट पुरतो. पेपरच्या पीडीएफमधूनच सीक्वेन्स कॉपी करा, मूळ ऑर्डरशीटमधून नाही, कारण चूक उतरवतानाच होते. बघायच्या गोष्टी: जीन तोच आहे का, प्राणी तोच आहे का (उंदराचा प्रायमर मानवी पेशींवर हा नेहमीचा गोंधळ), आणि ‘काहीच लक्ष्य न करणारा कंट्रोल’ म्हणून दिलेला सीक्वेन्स खरोखर कशालाच जुळत नाही ना. असा कंट्रोल प्रत्यक्षात एका मानवी जीनला लक्ष्य करणारा निघाल्याची उदाहरणं बर्न यांनीच उजेडात आणली आहेत.

पुरवणी तक्त्यांसाठी टूलही नको. एक्सेल ‘सेप्ट२’ या जीनचं ‘२ सप्टेंबर’ करतं आणि ‘मार्च१’चं ‘१ मार्च’. २०१६ च्या एका तपासणीत जीनयादीची एक्सेल फाइल जोडलेल्या पेपरांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात अशा चुका होत्या. शेवटी २०२० मध्ये या जीनांची नावंच बदलण्यात आली. जीनचा स्तंभ चढत्या क्रमाने लावा. तारखा झालेली नावं सगळ्यांत वर गोळा होतात.

चित्रं

एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये २०,६२१ पेपर डोळ्यांनी तपासले. ३.८ टक्क्यांत संशयास्पद पुनरावृत्त चित्रं सापडली आणि त्यांतल्या निदान निम्म्यांत मुद्दाम केल्याच्या खुणा होत्या. आता हे काम प्रूफिग आणि इमेजट्विन ही सशुल्क टूल्स करतात. सायन्स समूहाच्या सहाही जर्नलांनी जानेवारी २०२४ पासून प्रूफिग वापरायला घेतलं, म्हणजे तुम्ही तपासलं नाही तरी संपादक तपासणार आहेत.

टूल पीडीएफमधल्या चित्रांचे उपभाग वेगळे करतं आणि प्रत्येकाची प्रत्येकाशी तुलना करतं: फिरवलेला, उलटा केलेला, आकार बदललेला, अर्धवट एकमेकांवर येणारा भाग. इमेजट्विन आधी छापून आलेल्या चित्रांशीही ताडून बघतं. यात खोट्या तक्रारी पुष्कळ येतात आणि त्या कुठल्या ते ओळखता आलं पाहिजे. एकाच जागेचे वेगवेगळ्या रंगांतले फ्लुरोसन्स फोटो आणि त्यांचं एकत्र केलेलं चित्र जुळणारच. एकाच ब्लॉटवरचा (प्रथिनांच्या पट्ट्या दाखवणाऱ्या पडद्यावरचा) लोडिंग कंट्रोल, म्हणजे सगळ्या नमुन्यांत सारखंच प्रथिन घातल्याचं दाखवणारी पट्टी, दोन चित्रांत दिला असेल तर तोही जुळतो, फक्त तसं चित्राखाली लिहायला हवं. खरी चिंता करायची ती वेगळ्या गटांच्या नावाखाली एकाच स्लाइडचे सरकवलेले दोन भाग दिसले तर. हे बहुतेक वेळा फाइलना ‘चित्र१_नवीन_अंतिम’ अशी नावं दिल्याने होतं. फाइलच्या नावात तारीख, प्राण्याचा क्रमांक, गट आणि चित्र किती पट मोठं केलं आहे ते घाला, निम्म्या चुका तिथेच थांबतात.

पैसे नसतील तर इमेजजे हे फुकट सॉफ्टवेअर पुरेसं आहे. ब्लॉटचं चित्र उघडून ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टची पट्टी टोकापर्यंत ओढा. काळ्या पट्ट्यांमागची पार्श्वभूमी उजळते आणि दोन ब्लॉट जोडल्याची सरळ रेघ किंवा खोडलेला चौकोन दिसतो. मात्र मूळ टिफ फाइलवर करा. जेपेग दाबल्यामुळे चौकटी पडतात आणि त्या फेरफारासारख्या दिसतात.

भाषा-मॉडेल्सकडून तपासणी

काळ्या प्लॅस्टिकच्या स्वयंपाकाच्या भांड्यांवरचा केमोस्फिअर या जर्नलमधला पेपर २०२४ मध्ये जगभर गाजला. त्यात ६० किलो वजनाच्या माणसासाठी एका रसायनाची सुरक्षित मर्यादा काढली होती: किलोमागे ७,००० नॅनोग्रॅम गुणिले ६०. उत्तर छापलं ४२,०००, खरं उत्तर ४,२०,०००. भांड्यांमधून मिळणारी मात्रा ३४,७०० होती. ती मर्यादेच्या जवळ पोचली असं वाटत होतं, प्रत्यक्षात दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी होती. स्टॅटचेक किंवा ग्रिम यांच्या आवाक्यात ही चूक येत नाही, कारण इथे कुठली टेस्टच नाही. मजकुरातला साधा गुणाकार वाचून पुन्हा करणं भाषा-मॉडेलला (चॅटबॉटमागच्या एआयला) चांगलं जमतं, आणि या प्रकरणानंतर त्यासाठी खास प्रकल्पही सुरू झाले.

वापरायची रीत अशी: अख्खा पेपर देऊन ‘चुका शोध’ म्हणू नका. एकेक विभाग द्या आणि ‘यातली प्रत्येक आकडेमोड, तिचे घटक आणि उत्तर तक्त्यात मांड’ असं सांगा. तक्ता हातात आला की कॅल्क्युलेटर घेऊन स्वतः बसा. सारांश, निकाल आणि तक्ते यांतले तेच आकडे एकमेकांशी जुळतात का, हेही विचारा. यात फार वेळा काहीतरी सापडतं. पीडीएफमधल्या तक्त्याचे स्तंभ मॉडेल चुकीचे जोडतं आणि नसलेली चूक ठामपणे सांगतं, म्हणून तक्ते सीएसव्हीमध्ये द्या. ‘हा पेपर दर्जेदार आहे का’ हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. २०२५ मध्ये काही प्रीप्रिंटांत पांढऱ्या अक्षरांत ‘फक्त चांगलं लिही’ अशा छुप्या सूचना सापडल्या, त्या अशाच निकालावर डोळा ठेवून घातलेल्या होत्या. सहलेखकाकडून आलेली फाइल सगळी निवडून अक्षरांचा रंग काळा करून बघणं त्यामुळे गरजेचं झालं आहे.

स्वतःचा पेपर अशा सेवेत चढवताना सहलेखकांची संमती घ्या आणि रुग्णांची माहिती आधी काढून टाका. दुसऱ्याचा पेपर रिव्ह्यूसाठी आला असेल तर तो चढवूच नका. वैद्यकीय संशोधनाला निधी देणाऱ्या अमेरिकेच्या एनआयएचने जून २०२३ मध्येच अनुदान-अर्ज तपासणाऱ्यांना जनरेटिव्ह एआय वापरायला मनाई केली आहे.

विभागाकडे थोडे पैसे असतील तर

सूक्ष्मदर्शकाखालचे फोटो किंवा ब्लॉट छापणाऱ्या जीवशास्त्र आणि वैद्यकीय विभागांनी चित्रतपासणीची वर्गणी आधी घ्यावी, कारण तिला फुकटात तोडीस तोड पर्याय नाही. मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र, समाजकार्य, व्यवस्थापन इथे स्टॅटचेक, ग्रिमची एक्सेल शीट आणि झोटेरो एवढ्यावर भागतं, एक रुपयाही लागत नाही. भाषा सुधारण्यासाठी मुंबईच्या कॅक्टस कम्युनिकेशन्सच्या पेपरपलसारखी सेवा घ्यायची असेल तर ती आकडेतपासणीच्या आधी वापरा, नंतर नाही. भाषेचं कुठलंही टूल वाक्य फिरवतं तेव्हा ‘फरक आढळला नाही’ आणि ‘फरक नाही’ यांतलं अंतर पुसलं जाऊ शकतं, आणि टेस्टच्या निकालाची एपीए मांडणी विस्कटली तर स्टॅटचेकला तो वाचताच येत नाही. भाषा, मग आकडे, मग चित्रं, आणि पाठवायच्या दिवशी संदर्भ, हा क्रम ठेवा. सिमिलॅरिटी रिपोर्ट सगळं झाल्यावर काढा, कारण आधी काढलात तर पुढच्या प्रत्येक दुरुस्तीनंतर तो पुन्हा काढावा लागतो.